विविध गुणदर्शन आणि लक्ष्या

आमच्या मंडळाच्या गणपतीत रात्रीची आरती, मंत्रपुष्पांजली झाली की विविध गुणदर्शन असायचं, आणि त्यात लक्ष्याची नक्कल नाही असं वर्ष मला तरी आठवत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे असं अख्खं नाव कुणीच घ्यायचं नाही, शेंबड्या पोरापासून तळमजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांचा तो लक्ष्याच.

१९८८ ला 'अशी ही बनवाबनवी' आला आणि मग दरवर्षी पार्वती, म्हणजे त्यात लक्ष्याने साडी नेसून घेतलेलं बाईचं सोंग, कोण होणार यावरून पोरांत भांडणं. समोरच्या काकूंची साडी, सगळीकडे सेफ्टी पिना, वर ताडपत्रीवर पाऊस वाजतोय, माईक मधेच किंचाळतोय. एकदा आमच्या पार्वतीच्या निऱ्या भर स्टेजवर सुटल्या, पोरगा जरा म्हणून थांबला नाही, निऱ्यांचा गोळा पोटाशी धरून "अगं बाई, कळ आली" म्हणत तसाच ठुमकत विंगेत गेला आणि खोचून परत आला, मांडवात नुसता धिंगाणा! शिट्ट्या थांबेनात.

पोरांना हे जमायचं कारण लक्ष्या त्यांना आपल्यातला वाटायचा, आणि तो होताच. गिरगावातला पोरगा, गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करत पुढे आलेला, मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता छोट्या भूमिका करणारा. पुरुषोत्तम बेर्डेंच्या 'टुरटुर'ने नाव झालं, मग १९८५ ला महेश कोठारेंचा 'धुमधडाका', आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. त्याला पांचट म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. हशा किती वाजू द्यायचा आणि तो ओसरायच्या आत पुढचं वाक्य कुठे टाकायचं, हे नाटकात घासल्याशिवाय येत नाही हो. 'झपाटलेला'मध्ये समोर रामदास पाध्येंचा बाहुला, तरी मंडळाने पडद्यावर लावला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं उठून आयांकडे पळाली, ती लक्ष्याच्या चेहऱ्यावरची भीती बघून.

हिंदीत 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन'मध्ये तो दिसला की आम्हाला कोण अभिमान. पण माझा सगळ्यात आवडता १९९२ चा 'एक होता विदूषक', पुलंनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. त्यातला आबुराव बघा एकदा, इतकं आत उतरून काम केलंय त्याने. तिकीटबारीवर फारसा चालला नाही, आणि तशा भूमिका त्याला पुढे मिळायला हव्या होत्या असं मला आजही वाटतं.

१६ डिसेंबर २००४ ला गेला, जेमतेम पन्नाशीचा. पुढच्या वर्षी २६ जुलैच्या पुरामुळे मंडळाने सगळंच साधं केलं, ऑर्केस्ट्रा रद्द, लायटिंग कमी, पण लक्ष्याचे प्रवेश मात्र झाले, तेही पोरांनी स्वतः हट्ट धरून. आता त्यातल्या काहींची पोरं स्टेजवर येतात. यंदा पुन्हा बनवाबनवी बसवतायत, आणि पार्वतीसाठी तिघं अडून बसलेत.