‘बहिष्कृत’ हा शब्द का खोडला

नोंद साडेतीनशे शब्दांची होती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे कॅथलिक आर्चबिशप जोसेफ फ्रान्सिस रमेल, जन्म १८७६, मृत्यू १९६४. चरित्रकोशातली एवढी नोंद तपासायला एरवी तास-दीड तास पुरतो. हिला अख्खा दिवस गेला, तोही एका वाक्यापायी: ‘वर्णद्वेषी विचारांमुळे त्यांनी १९६२ साली तिघांना बहिष्कृत केले.’ साल बरोबर, आकडा बरोबर. कारण चूक आणि क्रियापद धोक्याचे.

सुरुवातीचा तपशील पटकन हातावेगळा झाला. जन्म जर्मनीतल्या बाडेन प्रांतात, सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूयॉर्क, १९०२ मध्ये रोमला गुरुदीक्षा, १९२८ मध्ये ओमाहाचे बिशप, १९३५ पासून न्यू ऑर्लिन्स. अडलं ते ‘प्लॅकमिन्स धर्मग्रामाचा पुढारी लिअँडर पेरेझ’ इथे. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात ‘पॅरिश’ म्हणजे धर्मग्राम (एका चर्चच्या अखत्यारीतला भाग) नव्हे, जिल्हा. फ्रेंच-स्पॅनिश अमलापासून तिथे हाच शब्द चालत आला आहे. आपल्याकडे वसईतला वाचक ‘धर्मग्राम’ वाचून पेरेझला चर्चच्या कमिटीवरचा माणूस समजेल. तो होता जिल्ह्याचा सर्वेसर्वा, पूर्वीचा न्यायाधीश आणि सरकारी वकील. ‘प्लॅकमिन्स जिल्हा’ केलं आणि पुढे गेलो.

रमेल यांनी पावलं उचलली ती एकेक करून. १९५१ मध्ये चर्चमधल्या ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा पाट्या उतरवल्या. १९५३ च्या मेषपालीय पत्रात, म्हणजे भाविकांना लिहिलेल्या जाहीर पत्रात, बाकांवर, ख्रिस्तप्रसाद घेताना, पापनिवेदनाच्या वेळी आणि धर्मग्रामाच्या सभांत भेदभाव नको असं बजावलं. तोवर काळ्या भाविकांनी मागे बसायचं आणि ख्रिस्तप्रसादाला सगळ्यांत शेवटी जायचं, ही रीत होती. या पत्रात शाळांचा उल्लेख नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये जेझुइट बेंड इथल्या छोट्या चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करायला आलेल्या काळ्या धर्मगुरूंना लोकांनी परत पाठवलं, तेव्हा रमेल यांनी तिथल्या मिस्साच थांबवल्या. फेब्रुवारी १९५६ मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं, की वांशिक विभक्तता नीतीच्या दृष्टीने चूक आहे आणि पाप आहे.

मग कॅथलिक शाळा काळ्या मुलांना खुल्या व्हायला १९६२ का उजाडलं? मूळ नोंदीत ही सहा वर्षं गायब होती, आणि माझ्या मते रमेल यांच्या चरित्रातला सगळ्यांत अवघड भाग तोच आहे. विरोध बाहेरून नव्हता, चर्चच्या आतूनच होता. १९५६ मध्ये कॅथलिक प्रापंचिकांची (धर्मगुरू नसलेल्या भाविकांची) एक संघटना या धोरणाविरुद्ध उभी राहिली. रमेल यांनी कारवाईची ताकीद दिली, तेव्हा तिने थेट पोपकडे दाद मागितली. दुसरी अडचण पैशांची. लुइझियाना राज्य खासगी शाळांतल्या मुलांनाही पाठ्यपुस्तकं फुकट देत असे, आणि १९३० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं होतं. राज्याची मदत बंद होण्याची भीती पालकांना खरी वाटत होती. नोव्हेंबर १९६० मध्ये शहराच्या सरकारी शाळांत चार काळ्या मुलींना प्रवेश मिळाला. कॅथलिक शाळा तेव्हाही मागेच राहिल्या. रमेल यांना नागरी हक्कांचा बिनीचा शिलेदार ठरवणाऱ्या नोंदीत हे यायलाच हवं.

२७ मार्च १९६२ रोजी शाळा सर्वांना खुल्या करण्याचा आदेश निघाला. रमेल तेव्हा ८५ वर्षांचे होते, दृष्टी जवळपास गेलेली. इथून पुढचा क्रम नेमका लिहावा लागतो. विरोधाची चिथावणी देणाऱ्यांना आधी समज देणारी पत्रं गेली. ते बधले नाहीत तेव्हा १६ एप्रिलला, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, तिघांवर कारवाई झाली: पेरेझ, ‘सिटिझन्स कौन्सिल’ या वर्णभेदवादी संघटनेचा जॅक्सन रिको आणि तशाच दुसऱ्या एका संघटनेची अध्यक्ष असलेली बाई. आरोप विचारांचा नव्हता. बिशपच्या आदेशाला अडथळा आणला आणि भाविकांना आज्ञाभंगासाठी उठवलं, हा होता. तेच विचार घरात बसून बाळगणारे हजारो होते, त्यांना कोणी हात लावला नाही.

आता क्रियापद. ‘बहिष्कृत’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जातपंचायत येते: वाळीत टाकणं, रोटी-बेटी बंद, पाणवठा बंद. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यू ऑर्लिन्समध्ये यातलं काहीच झालं नाही. चर्चच्या या शिक्षेत (इंग्रजीत ‘एक्सकम्युनिकेशन’) संस्कार बंद झाले, चर्चमधून अंत्यविधीचा हक्क गेला. मात्र स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) पुसला जात नाही, आणि पश्चात्ताप केला की परतीची वाट मोकळी. पेरेझचं राजकारण, शेजार, व्यवहार सगळं जागच्या जागी राहिलं.

जाता जाता: मुंबई प्रांताने १९४९ मध्ये धर्मसमुदायातून काढण्याविरुद्ध कायदा केला होता, हजार रुपयांपर्यंत दंडाचा. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला जानेवारी १९६२ मध्ये, रमेल यांच्या आदेशाच्या सुमारे अडीच महिने आधी. कोशात याला जागा नव्हती, पण शब्द निवडताना उपयोग झाला.

शिवाय खरा बहिष्कार दुसऱ्याच बाजूने झाला होता. ऑगस्ट १९६२ च्या अखेरीस पेरेझच्या जिल्ह्यातल्या ब्युरस गावी कॅथलिक शाळेत पाच काळी मुलं आली आणि गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. पुढच्या वर्षी त्या शाळेत स्फोट घडवला गेला. एकाच नोंदीत दोन्हींना ‘बहिष्कार’ म्हटलं असतं, तर कोणी कोणाला टाकलं हेच कळलं नसतं.

शेवटी वाक्य असं झालं: ‘शाळांविषयीच्या आदेशाविरुद्ध भाविकांना चिथावल्याबद्दल, आधी समज देऊन, एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी तिघांना चर्चच्या संस्कारांपासून वंचित केले.’ आणि त्याला जोडून: ‘पेरेझ पुढे चर्चमध्ये परतला. १९६९ मध्ये त्याचा अंत्यविधी न्यू ऑर्लिन्सच्या होली नेम ऑफ जीझस चर्चमध्ये झाला.’ शब्दमर्यादा पाळायला ओमाहाची सात वर्षं एका ओळीत बसवावी लागली.