आमची वाटचाल : उद्यमबागेतली खोटी पाखरं

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही कबुतरं कशाला?" भिंतीला लागून कबुतरांच्या आकाराच्या करड्या प्लास्टिक टरफलांच्या चळती असतात, द्रोणात द्रोण बसवावेत तशा एकात एक. एका बाजूला पंपाच्या बॉड्या, दुसऱ्या बाजूला हायड्रॉलिकचे सिलिंडर आणि मध्ये आमची पाखरं. ती इंग्लंडला जातात. तिथल्या शेतकऱ्याला वूडपिजन हे रानकबुतर म्हणजे आपल्याकडच्या रानडुकरासारखं. रेपसीडची (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) कोवळी पानं, पेरलेला वाटाणा, वाऱ्यानं लोळलेला गहू, काही सोडत नाही. मग शेतकऱ्याच्या परवानगीनं बंदूकवाले बांधाला जाळीचा आडोसा करून बसतात आणि पुढं खोटी पाखरं मांडतात. वरून जाणाऱ्या थव्याला वाटावं, खाली आपलीच जात चरते आहे.

फोन येतात म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. इथल्या कोणाला आम्ही एक नगही विकत नाही, ओळखीवर तर नाहीच.

सुरुवात पाखरांनी झाली नाही, फिरकीच्या हबनं झाली. फिरकी म्हणजे खोटी पाखरं मोटरवर गोल फिरवणारं साधन, हब म्हणजे तिचा मधला तुकडा. लेथवर जॉबवर्क चालायचं. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका दुकानदाराचं ड्रॉइंग एका फाउंड्रीवाल्यामार्फत आमच्याकडं आलं : ॲल्युमिनियमचा हब, मध्ये बारा मिलिमीटरचं भोक, दोन बाजूंना दांड्या बसायला दोन तिरकी भोकं, वर बारा अंशांचा चढ. दोनशे नग. ते गेले, पसंत पडले, आणि पुढच्या पार्सलमधून त्यानं एक प्लास्टिकचं पाखरू पाठवलं, सोबत चिठ्ठी : असं जमेल का? आमचा तो पहिला आणि आजपर्यंतचा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक. नाव छापलेलं त्याला आवडणार नाही.

पहिले नमुने आम्ही पाच लिटरच्या गोडेतेलाच्या प्लास्टिक डब्याचे कापले. तिकडं हौशी लोक दुधाच्या प्लास्टिक बाटलीचे कापतात, युक्ती तीच. एका डब्यात दोन पाखरं निघतात. डब्याचा खांदा छातीला येईल असं कापायचं आणि शेपटीकडं निमुळतं करायचं. कडा ब्लेडनं सोडल्या तर वाऱ्यात फाटतात, म्हणून गरम पत्र्यावरून एकदा फिरवून घ्यायच्या. पोटाखाली काठीचं भोक कुठं पाडायचं यातच निम्मं काम आहे. बोटावर तोलून बघावं आणि तोल येतो तिथून एक सेंटिमीटर पुढं, डोक्याकडं भोक घ्यावं. मग शेपूट थोडी जड राहते, वारा आला की पाखरू मान खाली-वर करतं, टिपल्यासारखं. बरोबर तोलावर भोक पाडलं तर ते गरागरा फिरतं, आणि गरागरा फिरणारं कबुतर कोणी पाहिलंय?

पुढं व्हॅक्यूम फॉर्मिंगचं मशीन घेतलं. दीड मिलिमीटरची एचडीपीई या प्लास्टिकची शीट, गरम होऊन मध्ये झोळ पडला की हवा शोषून साच्यावर ओढायची. थंड झाल्यावर माल शेकड्याला दोन-अडीच आटतो, म्हणून साचा तेवढा मोठा. हे आटणं लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडणार आहे.

आकार कोणीही काढेल. या धंद्यात जीव जातो तो चकाकी घालवण्यात. शहापुरात गणपतीच्या मूर्ती रंगवणारे आण्णा आमच्याकडं बारीक कामाला यायचे. पहिला लॉट ऑइल पेंटमध्ये झाला होता. आण्णांनी एक पाखरू उचललं, नळाखाली धरलं आणि म्हणाले, "हे पाखरू न्हवं, हे भांडं हाय." इंग्लंडात निम्मे दिवस पाऊस नाहीतर दव. ओल्या पाठीवर ऊन पडलं की चकाकी आकाशातून आरशासारखी दिसते आणि थवा लांबूनच वळतो. आण्णांनी रंगात शंखजिरं घातलं, लिटरला शंभर ते सव्वाशे ग्रॅम. त्याहून जास्त घातलं तर रंग खडूसारखा हाताला लागतो, कमी घातलं तर चमक राहते. तपासणी आजही त्यांच्याच पद्धतीनं होते : संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात टरफलं अंगणात मांडायची, पाणी मारायचं आणि जिन्यावरून बघायचं. जे डोळ्यात खुपेल ते बाजूला.

पाठ निळसर करडी, छाती फिकी गुलाबीसर, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग, बुबुळ फिकं पिवळं. डोळ्यांची आखणी आण्णा सगळ्यात शेवटी करायचे, मूर्तीसारखीच. त्या वर्षीच्या पिल्लांच्या मानेला पांढरा डाग नसतो, म्हणून ऑगस्टमध्ये पीक कापल्यावरच्या खुंटावर वापरायच्या डझनात दोन नग आम्ही बिनडागाचे टाकतो. तसं कोणी मागितलेलं नव्हतं.

आता एका बिघडलेल्या लॉटचं सांगतो. चोवीसशे टरफलं, रेपसीडच्या हंगामासाठी, जानेवारीच्या आत पोचायला हवी होती. एचडीपीईचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर रंग धरत नाही, नुसती खपली बसते. रंगाआधी त्यावरून आग फिरवावी लागते. गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत, तिचं टोक जेमतेम पृष्ठभागाला लागेल अशा अंतरावर, एका जागी सेकंदभरसुद्धा नाही. आमची कानडी पोरं हे करताना स्वतःशीच "साकु, साकु" (बास, बास) म्हणत हात पुढं नेतात. जास्त झालं तर प्लास्टिक काचेसारखं होतं आणि शेपटीची कड वाकडी होते. बरोबर झालंय का ते पाण्यानं कळतं. थेंब गोळा होऊन घरंगळले तर काम झालेलं नाही, पाणी सपाट पसरलं तर झालं. आणि रंग त्याच दिवशी लावायचा. रात्रभर ठेवलं तर गुण कमी होतो.

घाई होती म्हणून आगीचं काम आम्ही बाहेर जॉबवर्कला दिलं. त्या माणसानं वरवर टॉर्च दाखवली, शेपटीकडं तर तीही नाही. बिल पूर्ण लावलं. चूक आमचीही म्हणायची, कारण पाण्याची तपासणी आम्ही वरच्या दहा नगांवर केली आणि वरचे दहा त्यानं नीट केले होते. डिसेंबरच्या थंडीत तिकडं काठीवर दाबताना टरफल थोडं वाकलं आणि रंग पापुद्र्यानं सुटला. खालची शीट दुधी पांढरी. कबुतर बसलेलं असताना पंखावरचा पांढरा पट्टा मिटलेला असतो, कडेला एक रेघ दिसते तेवढीच. तो पूर्ण दिसतो उडताना. त्यामुळं पाठीवर पांढरे ठिपके असलेली बारा पाखरं म्हणजे थव्याला सरळ इशारा, इथं काहीतरी बिघडलंय.

फोटो आले. त्या रात्री शेडमध्ये कोणी बोललं नाही. माल परत आणायचा तर भाडं मालाहून महाग, आणि बँकेचा हप्ता दहा तारखेला. लिंकनशायरच्या माणसानं एका ओळीत कळवलं : पैसे परत नकोत, फेब्रुवारीच्या आत बाराशे नग पाठवा, विमानाचं निम्मं भाडं मी देतो. तेवढ्यावर आम्ही उभे राहिलो. बाराशे नग अकरा दिवसांत केले, आग आमच्याच हातानं, रंग आण्णांनी आणि त्यांच्या दोन पुतण्यांनी. तेव्हापासून शीटच करड्या रंगाची घेतो, मास्टरबॅच म्हणजे रंगाचे दाणे प्लास्टिकमध्येच घातलेली. ओरखडा पडला तरी खाली करडंच दिसतं. दर लॉटमधले वीस नग मधून-मधून उचलून ब्लेडनं आडव्या-उभ्या चिरा पाडतो, चिकटपट्टी दाबून लावतो आणि झटक्यात ओढतो. चौकोन उचकटून आले तर तो लॉट परत.

त्यानंतरची चार-पाच वर्षं माल जात राहिला, पैसे येत राहिले.

२५ एप्रिल २०१९ ला इंग्लंडमध्ये तीन सरसकट परवाने मागं घेतले गेले. त्यांच्याच आधारावर शेतकरी वूडपिजन मारत होते. कोर्टात आव्हान दिल्यावर हे झालं. मे-जूनमध्ये नवे परवाने टप्प्याटप्प्यानं आले, पण तोवर ऑर्डरी थांबल्या त्या थांबल्या. ऑगस्टमध्ये कसाबसा खुंटाच्या हंगामाचा माल निघाला तर निपाणीजवळ यमगर्णीत वेदगंगेचं पाणी हायवेवर. टेम्पो संकेश्वरला उभा, न्हावाशेवाचं जहाज चुकलं. त्यात कागदपत्रं करणाऱ्यानं माल कस्टमच्या यादीत खेळणी म्हणून ९५०३ या क्रमांकाखाली दाखवला होता. डिकॉय म्हणजे खोट्या पक्ष्यांचं शीर्षक ९५०७, मासे धरायच्या काठ्या आणि गळांसोबतचं. नवीन निर्यातदारांनी हे स्वतः बघावं, दुसऱ्यावर सोडू नये.

आणि त्याच सुमाराला दोन गल्ल्या पलीकडून "ओरिजिनल" पाखरं निघायला लागली. आमच्याकडंच कधीकाळी ट्रिमिंगचं काम करणारा माणूस. त्याचं म्हणणं, आकार त्यानं स्वतः काढला. आमचं टरफल तीनशे ऐंशी मिलिमीटरचं, त्याचं तीनशे एकाहत्तर. आमच्या तयार टरफलावरूनच साचा घेतला की माल पुन्हा एकदा आटतो, तेवढाच फरक निघतो. शिवाय आमच्या साच्याला शेपटीच्या डाव्या कडेला एक टवका गेलेला आहे. तोही टवका त्याच्या मालात आहे, इमानदारीनं उतरवलेला. दर नगाला अकरा रुपयांनी कमी. कमी का, तर आग नाही, शंखजिरं नाही, बाजारातला तयार रंग आणि शीट पांढरी. आमचे दोन गिऱ्हाईक गेले. लिंकनशायरवाल्यालाही नमुना गेला होता. त्यानं तो पाणी मारून उन्हात धरला आणि फोटो आम्हालाच पाठवला.

फिरकी मात्र त्या नक्कल करणाऱ्याला जमली नाही. बारा व्होल्टच्या वायपर मोटरवर हब, हबवर दोन लवचीक दांड्या, टोकांना पाखरं. दोन्ही दांड्या सारख्या लांबीच्या ठेवू नका. एक दांडी दोन वितींनी आखूड घेतली की एक पाखरू उतरताना आणि एक वर घिरट्या घेताना दिसतं. मग तोल जाईल म्हणाल, तर आखूड बाजूला वजन द्यायचं. न दिलं तर शाफ्ट डोलतो आणि महिन्यात बुश लंबगोल होतो. हबचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, आत आवळायचा) गोल शाफ्टवर कितीही आवळा, सुटणारच. शाफ्टला एका बाजूनं सपाट घासायचं आणि स्क्रू त्या सपाटीवर बसवायचा. सात ॲम्पियर-अवरच्या बॅटरीवर वायपर मोटर दोन-अडीच तास चालते, वारा असेल तर त्याहून कमी, म्हणून आम्ही बाराची सुचवतो. वेगाचा कंट्रोलर घ्याच. पाखरू पंख्यासारखं फिरलं की थवा घाबरतो, मिनिटाला तीसेक फेऱ्या पुरे.

मांडणीबद्दल विचारतात म्हणून सांगतो, जरी आमचं काम माल देण्याचं. घोड्याच्या नालासारखी मांडा, तोंड वारा जातो त्या बाजूला. पाखरू वाऱ्यात तोंड करून उतरतं, म्हणजे ते मागून येतं आणि नालेच्या पोकळीत बसायला बघतं. ती पोकळी आडोशापासून वीस-पंचवीस पावलांवर हवी. टरफलांची डोकी साधारण वाऱ्याकडं, पण सगळी एका रेषेत नको, चरणारी पाखरं शिपायांसारखी उभी राहत नाहीत. दोन पाखरांत दीड पाऊल ठेवा. जवळ-जवळ मांडली की भेदरून गोळा झाल्यासारखी दिसतात. रेपसीड वाढलेलं असेल तर लांब काठी, मीटरभराची, नाहीतर टरफल पाल्यात बुडतं. काठ्या आम्ही दोन्ही मापांत देतो.

हल्ली तिकडून रंग सुटलेली टरफलं दुरुस्तीला येतात. तीनशे एकाहत्तर मिलिमीटरची, टवक्यासकट. दुरुस्ती करून देतो. जुना रंग खरवडायचे पैसे वेगळे.