आत्या, चष्मा राहू दे

आत्याला मायनस नऊचा चष्मा. मी तिचं पहिलं पोर्ट्रेट काढायला बसलो तेव्हा दोन्ही काचांवर फ्लॅशचे पांढरे चौकोन यायला लागले. चार-पाच फोटो तसेच गेले आणि मी म्हणालो, "आत्या, चष्मा काढतेस का जरा?" तिनं लगेच काढला. नाकाच्या दोन्ही बाजूंना पॅडचे लालसर खड्डे उमटलेले, आणि नजर माझ्या आवाजाच्या रोखानं, कॅमेऱ्याच्या वरून गेलेली. तिला लेन्स दिसतच नव्हती. त्या फोटोत चमक नाही, डोळे स्वच्छ आहेत, पण ते कुणाकडेच बघत नाहीत.

त्यानंतर मी कुणालाही चष्मा काढायला सांगितलेलं नाही. काचा नसलेली मोकळी फ्रेम घालून फोटो काढायचीही पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. हलवायचा तर दिवा हलवावा.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे पुढून-मागून मिळून ८ टक्के. ऐकायला थोडा वाटतो, पण फ्लॅशचे ८ टक्के बुबुळ झाकायला पुरतात. काचेवर चमकविरोधी कोटिंग असेल तर चमक बरीच कमी होते, मात्र उरते ती हिरवट किंवा जांभळट. पोलरायझरवर, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या चमक कापणाऱ्या फिल्टरवर, मी बराच काळ भिस्त ठेवली होती. काचेच्या बाबतीत तो खरा चालतो साधारण ५५ अंशांच्या तिरप्या कोनात. समोर बसलेल्या माणसाच्या चष्म्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, वर प्रकाश खातो तो वेगळाच.

उपयोग होतो तो कोनांचा. दिवा उंच न्यायचा, बाजूला न्यायचा. चेहरा दिव्याकडे वळला की चमक काचेत शिरते, थोडा उलट बाजूला वळला की निघून जाते. सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावरची प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, जितका मोठा तितकं त्याचं प्रतिबिंब मोठं, म्हणून तो अजून लांब सरकवावा लागतो. एवढं करूनही काही राहिलंच, तर काड्यांची टोकं कानांवरून जराशी उचलायची. काडी साधारण १४० मिलिमीटर लांब असते. टोक १ सेंटिमीटर उचललं की काच ४ अंशांनी खाली झुकते आणि परावर्तन दुप्पट, ८ अंशांनी सरकतं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. फक्त आता काचेला खालचं दिसायला लागतं, म्हणून मी गडद शर्ट घालतो आणि समोरच्या टेबलावर पांढरं काही ठेवत नाही.

मायनस नंबर मोठा असला की आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते, जणू चेहरा तिथे तुटलाय. मान जितकी वळेल तितकं ते जास्त जाणवतं. आत्याला मी जवळजवळ सरळच बसवतो. फोकसही स्वतः तपासतो, कारण कॅमेरा कधी कधी फ्रेमची कड पकडतो. काच आणि डोळा यांत सव्वा सेंटिमीटरभर अंतर असतं. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ १.८ ठेवून, म्हणजे छिद्र मोठं उघडून, जवळून फोटो काढला तर फोकस इतका उथळ होतो की फ्रेमची कड धारदार येते आणि पापण्या विरघळतात. मी एफ ४ च्या खाली जात नाही.

गेल्या महिन्यात आत्या पुन्हा बसली. या वेळी चष्म्यासकट. काड्या मीच उचलून दिल्या, दिवा दोनदा हलवला, काचा अगदी स्वच्छ झाल्या. बोलता बोलता तिनं सवयीनं मधल्या बोटानं चष्मा वर सारला, काड्या पुन्हा कानांवर बसल्या आणि ती थेट लेन्समध्ये बघून हसली. मी बटण दाबलं. उजव्या काचेच्या कोपऱ्यात सॉफ्टबॉक्सची बारीक पांढरी कड आली आहे. ती मी पुसलेली नाही.