ए लेव्हल, आयबी की एपी? तुम्ही विचारलंत म्हणून

‘ए लेव्हल घ्यावे, आयबी डिप्लोमा करावा की एपीच्या परीक्षा द्याव्यात? विद्यापीठांना यांतले सर्वांत जास्त काय चालते?’ शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि पालक पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात. तुम्हीही तो विचारलात. ए लेव्हल हा इंग्लंडचा, आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय, आणि एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हा अमेरिकेचा अभ्यासक्रम. माझे उत्तर असे, की नामांकित विद्यापीठे या तिन्ही अभ्यासक्रमांची मुले घेतात. अडते ते प्रमाणपत्राच्या नावापाशी नव्हे, तर त्यातले विषय आणि त्यांची पातळी यांपाशी.

हे तिन्ही अभ्यासक्रम वेगळे का आहेत, ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये ए लेव्हल १९५१ साली सुरू झाले. तिथली पदवी बहुधा तीन वर्षांची असते आणि विद्यार्थी पहिल्या दिवसापासून आपल्या मुख्य विषयाचाच अभ्यास करतो. म्हणून त्याआधीच्या दोन वर्षांत बहुतेक मुले तीनच विषय घेतात आणि त्यांत खोल जातात. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची असून सुरुवातीला तिचा विस्तार मोठा असतो. १९५० च्या दशकात तिथे सुरू झालेले एपी हे त्यामुळे एकसंध प्रमाणपत्र नाही. शाळेच्या अभ्यासक्रमात विषयागणिक घालता येणारी ती भर आहे. तिची परीक्षा मे महिन्यात होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेच्या आयबी डिप्लोमात मात्र सहा विषय असतात. साधारणपणे त्यांतले तीन हायर लेव्हलला, प्रत्येकी सुमारे २४० तास, आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला, प्रत्येकी सुमारे १५० तास शिकवले जातात. प्रत्येक विषयाला कमाल ७ याप्रमाणे ४२, आणि दीर्घ निबंध व ज्ञानमीमांसा (‘आपल्याला कळते ते कसे कळते’ याचा विचार) यांचे मिळून ३, असे एकूण ४५ गुण होतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे गणित. आयबीमध्ये २०१९ पासून गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम शिकवले जातात: एकात विश्लेषणावर भर असतो, दुसऱ्यात उपयोजनावर, आणि दोन्ही हायर तसेच स्टँडर्ड लेव्हलला घेता येतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने उपयोजनाचे गणित स्टँडर्ड लेव्हलला घेतले, कारण त्या वेळी त्याला इतिहासाची ओढ होती आणि ‘आवडते ते घे’ असे मीच त्याला सांगितले होते. दुसऱ्या वर्षी त्याला अभियांत्रिकी करावीशी वाटू लागली. आम्ही अटी वाचायला बसलो, तेव्हा त्याने निवडलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला हायर लेव्हलचे गणित लागत होते, आणि विषय बदलण्याची मुदत केव्हाच निघून गेली होती. त्याला पदवीआधीच्या तयारीचा एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम करून पुढे जावे लागले. त्या वर्षाची जबाबदारी मी माझी मानते. आवड विचारणे योग्यच होते, पण त्या निवडीने कोणते मार्ग बंद होतील हेही मी त्याच दिवशी त्याला दाखवायला हवे होते.

तेव्हापासून मी मुलांना उलट्या दिशेने वाचायला लावते. करावेसे वाटणारे, एकमेकांपासून वेगळे असे चार-पाच पदवी अभ्यासक्रम निवडायचे, प्रत्येकाची प्रवेशाची अट शब्दन् शब्द वाचायची, आणि मग विषय ठरवायचे. असे वाचताना पुष्कळ समजुती गळून पडतात. अर्थशास्त्राच्या पदवीसाठी शाळेत अर्थशास्त्र घ्यायलाच हवे, असे पालक धरून चालतात. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला किंवा केंब्रिजला या पदवीसाठी गणित लागते, शाळेतले अर्थशास्त्र लागत नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र आणि पुष्कळदा जीवशास्त्रही मागितले जाते. कायद्याच्या पदवीला मात्र सहसा ठरावीक विषयाची अट नसते. केंब्रिजला गणितच शिकायचे असेल तर ए लेव्हलच्या मुलांना फर्दर मॅथ्स, म्हणजे नेहमीच्या गणिताखेरीज पुढचे गणित, लागते, आणि हा विषय सगळ्या शाळा शिकवत नाहीत. म्हणून शाळा ठरवण्यापूर्वीच ते विचारून घ्यावे लागते.

ब्रिटनच्या विद्यापीठप्रवेशाच्या गुणपद्धतीत ए लेव्हलच्या ए स्टार या सर्वोच्च श्रेणीला ५६ आणि ए श्रेणीला ४८ गुण मिळतात, हे कळले की चौथा विषय घेऊन बेरीज वाढवण्याचा मोह होतो. परंतु चुरशीची विद्यापीठे बहुधा बेरीज मागत नाहीत, ती तीन विषयांतल्या श्रेणी मागतात. चौथ्यामुळे पहिले तीन घसरले तर नुकसानच होते. एपीबद्दलही अशीच सावधगिरी हवी. पदवीचा काळ वाचेल या आशेने मुले अनेक परीक्षा देतात, पण काही विद्यापीठे ३ गुणांवर श्रेयांक (पदवीच्या हिशेबात धरले जाणारे क्रेडिट) देतात, काही फक्त ५ वर, आणि काही मुळीच देत नाहीत.

काय करायचे ते ठरलेले नसलेल्या, पण सहा विषयांचा भार दोन वर्षे नियमाने वाहू शकणाऱ्या मुलाला मी आयबी सुचवते. ज्याचे मन गणित आणि भौतिकशास्त्रातच रमते, त्याला केवळ आयबीचे नाव मोठे वाटते म्हणून सहा विषयांत ओढणे मला पटत नाही.

मात्र कोणताही मार्ग निवडला, तरी स्वतः प्रश्न शोधून केलेले एक दीर्घ लेखन त्यात असावे, असा माझा आग्रह असतो. आयबीत ४,००० शब्दांचा निबंध सक्तीचा आहे. ए लेव्हलबरोबर अर्ध्या ए लेव्हलच्या मोलाचा ईपीक्यू (एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन) हा स्वतंत्र प्रकल्प करता येतो, आणि एपीत संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. विद्यापीठात पहिल्याच सत्रात मुलांना जे जड जाते, ते म्हणजे कोणी प्रश्न आखून दिलेला नसताना काम सुरू करणे. एका मुलीने तिच्या निबंधाचा प्रश्न तीनदा बदलला आणि दर वेळी ती रडवेली होऊन आली; पदवीच्या पहिल्या वर्षी तिने मला कळवले, की वाचनाची यादी हातात पडली तेव्हा वर्गात सर्वांत कमी घाबरलेली तीच होती.

तेव्हा शाळेला भेटायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: गणिताचे कोणते अभ्यासक्रम कोणत्या पातळीपर्यंत शिकवले जातात, दीर्घ लेखनाला मार्गदर्शक कोण असतो, आणि विषय किंवा पातळी बदलण्याची शेवटची तारीख कोणती. ती तारीख तेवढी लेखी मागून घ्या.