तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सिजन आत जाऊन करतो काय?

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते हे कळलं की पालकही हा प्रश्न विचारतात. विचारताना उत्तर मनात ठरलेलं असतं: ऑक्सिजन म्हणजे ताकद.

नाही हो, ताकद अन्नातली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या इवल्याशा ऊर्जाघरांत, आतल्या पटलावर (पातळ पडद्यावर) प्रथिनांची एक साखळी असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिच्यातून हातोहात पुढे सरकतात आणि वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. शेवटी ते इलेक्ट्रॉन कुणीतरी स्वीकारायला हवेत. ऑक्सिजनचं काम तेवढंच. ते घेऊन त्याचं पाणी होतं. पण तो नसेल तर मागचं सगळं तुंबतं. सायनाइड साखळीतलं शेवटचं प्रथिनच अडवतं, म्हणून रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरते.

बाहेर साठलेले प्रोटॉन आत परतायला धडपडतात. इथे सगळे शिक्षक धरणाची उपमा देतात, मीही देते, कारण पुढे खरोखरच टर्बाइन आहे. परतीच्या वाटेवरचं एटीपी सिंथेज हे प्रथिन प्रोटॉनच्या लोंढ्याने गरगर फिरतं आणि त्या फिरण्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. पेशीची बहुतेक कामं त्यावरच चालतात. 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी या फिरत्या प्रथिनाला चमकणारा धागा जोडून हे फिरणं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पटलावरचा विद्युतदाब जेमतेम 150 मिलिव्होल्ट. पण पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन कोटी व्होल्ट! वर्गात हा आकडा सांगितला की मागचा बाकसुद्धा मान वर करतो.

प्रोटॉनची ही कल्पना ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, तेव्हा फार कुणाला पटली नाही. तब्येतीमुळे एडिंबरा विद्यापीठ सोडून त्यांनी कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. 1978 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

आता मूळ प्रश्नाच्या पोटातला प्रश्न: ऑक्सिजनचे डबे हुंगले तर तरतरी येते का? करोनात ऑक्सिमीटरवर 97-98 बघायला आपण सगळेच शिकलो. म्हणजे निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच जवळजवळ भरलेलं असतं, आणि घरी बसलेल्या माणसाच्या पेशी एटीपी लागेल तेवढंच बनवतात. आजाऱ्याला डॉक्टर ऑक्सिजन लावतात ती गोष्ट वेगळी. धडधाकट माणसाने डब्याचे पैसे वाचवावेत.