पाच फुटी टाकीचं विरजण

घरोघरी मत्स्यालयं बसवून देण्याचं माझं काम. लोकांना वाटतं दिवसभर माशांत असतो. खरं तर निम्मा दिवस हमाली आणि उरलेला प्लंबिंग. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर बसवलेली ती टाकी मात्र अजून लक्षात आहे, कारण तिथे मी एका दिवसात दोनदा चुकलो.

टाकी पाच बाय दोन बाय दोन फुटांची, 12 मिमी काच. त्या घरच्या काकांना आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड जातीचे मासे हवे होते, त्यातले खडकांत राहणारे मबुना. नातीचा वाढदिवस रविवारी, आज गुरुवार. तोवर मासे पोहताना दिसले पाहिजेत, एवढीच अट.

टाकी कुठे ठेवायची यावरून आधी हुज्जत झाली. काकांना हॉलच्या मधोमध, सोफ्यामागे हवी होती. अशा टाकीत 560 लिटरच्या आसपास पाणी मावतं. काच, स्टँड, दगड, वाळू धरली तर वजन पाऊण टनाच्या वर जातं, आणि राहत्या घराची स्लॅब चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने काढतात. शेवटी खाली बीम असलेल्या भिंतीलगत जागा ठरली.

लिफ्टमध्ये टाकी मावेना, म्हणून चौघांनी जिन्यावरून चढवली. स्टँडवर प्लाय, प्लायवर थर्मोकोल, त्यावर टाकी. मग खडक. हे मासे वाळू उकरतात, तोंडात भरून दुसरीकडे थुंकतात. वाळूवर रचलेला दगड आज ना उद्या घसरणार आणि काचेवर येणार. म्हणून आधी तळाच्या काचेवर थर्मोकोलची पातळ शीट, तिच्यावर काळे पाषाण गुहा राहतील असे रचले, हलवून पाहिले, मगच वाळू.

निम्मी टाकी भरली तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, पाणी तिरकं दिसतंय." मी हसलो. पाणी कसं तिरकं असेल? पण टेप लावला तर डावीकडे साडेएकोणतीस सेंटीमीटर आणि बाल्कनीकडे साडेतीस. फरशी धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून दिलेला उतार! मी नऊ इंची पाणसळ मध्यावर ठेवली होती, बुडबुडा जरासा सरकला होता आणि मी 'चालतंय' म्हटलं होतं. पूर्ण भरल्यावर एकाच कोपऱ्याच्या सिलिकॉनवर ताण आला असता. रिकामी करा. वाळू, दगड, सगळं बाहेर.

बाल्कनीकडच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारून झाल्या आणि मी हात धुवायला गेलो. साबण लावला, पाणी सोडलं, पण हाताचा बुळबुळीतपणा जाईना. बोअरच्या जड पाण्यात साबण असा बुळबुळीत राहतो कुठे? काकांनी तर आल्याआल्या सांगितलं होतं, "आमचं पाणी एकदम जड, गिझरची कॉइल पांढरी होते." त्या शब्दावर मी पाणी तपासलंच नव्हतं. ही दुसरी चूक.

किट काढलं. जीएच म्हणजे पाण्याचा जडपणा, पाणी हिरवं व्हायला जितके थेंब लागतील तितका तो जास्त. पहिलाच थेंब टाकला आणि नळीतलं पाणी हिरवं झालं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास शून्य. केएच, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, मात्र बारा थेंब. काकांना विचारलं तर म्हणाले, "हां, दिवाळीत सोसायटीने सॉफ्टनर बसवला. गिझर जुना आहे ना." सॉफ्टनर क्षार काढतो आणि त्याजागी सोडियम घालतो. आपल्याला ते पाणी बरं, पण मलावीच्या माशांना ते क्षारच हवेत. ज्या जड पाण्याला सगळी सोसायटी शिव्या घालते, तेच इथे हवं होतं.

बागेचा नळ थेट बोअरवर होता. वॉचमनची परवानगी, शंभर फूट पाइप, मोटर. जीएच सोळा, पीएच आठच्या थोडा वर. त्याच पाण्याने दुसऱ्यांदा भरायला रात्रीचे साडेआठ झाले. या वेळी टेप दोन्ही टोकांना सारखं दाखवत होता.

"आता मासे कधी?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, महिन्याभराने. काका तापले. पण यात माझं नाही म्हणणं पक्कं असतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया जहाल. वर मबुना दोन-चार ठेवून भागत नाही. ते इतके भांडकुदळ की एवढ्या टाकीत पंचवीस-तीस, नराला तीन-चार माद्या अशा हिशेबाने ठेवावे लागतात, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. कोऱ्या पाण्यात तीस मासे रविवारी सोडले तर बुधवारी पिशवीत भरून न्यावे लागतील.

मी दुकानातल्या जुन्या फिल्टरचा, जिवाणू बसलेला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये कोंबत होतो. काकू निरखून पाहत होत्या.

"म्हणजे विरजण लावताय."

"अगदी तेच."

"मग हो, त्याला घाई करून कसं चालेल?" हे त्या काकांकडे बघून म्हणाल्या. माझं पंधरा मिनिटांचं व्याख्यान वाया गेलं होतं ते गेलंच.

रविवारी नातीच्या मैत्रिणींनी रिकामी टाकी पाहिली. रोज चिमूटभर खाद्य टाकायचं काम नातीकडे होतं, माशांविना; ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून. मी दोनदा जाऊन तपासलं, अमोनिया होता, मग जिवाणूंनी तो पचवून होणारं नायट्राइट वर चढलं. पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला: "दही लागलंय का बघायला या. आणि पिवळे मासे जास्त आणा, तिला ते हवेत."