आमची वाटचाल : लाँग बीच ते रॉटरडॅम

कोल्हापूरला गेले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अजून तोच भंगाराचा धंदा काय गं?" मी हो म्हणते आणि चहा घेते. पन्नास-साठ वर्षं जुन्या, लिटरला चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या 'मसल कार', म्हणजे दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, अमेरिकेत शोधायच्या, तपासायच्या, कंटेनरमध्ये चढवायच्या आणि स्वीडन, जर्मनी, हॉलंड, ऑस्ट्रेलियाला रवाना करायच्या. याला भंगार म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं. आमचं घर त्यावर चालतं.

फर्म छोटी आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांच्या जवळ कार्सन नावाचं गाव आहे, तिथे भाड्याचं गोडाऊन. माणसं तीन : मी, माझा नवरा आणि आमचे भागीदार. भागीदार मूळचे मेक्सिकोचे, हाडाचे मिस्त्री. आमचा मुलगा लहानपणी त्यांना मामा म्हणू लागला, तेव्हापासून ते सगळ्यांचेच मामा झाले. गाडीखाली शिरायचं काम मामांचं, गाड्या लादणं आणि पैशाचा हिशेब नवऱ्याकडे, आणि कागद माझे. लग्नाआधी मी न्हावा-शेवाला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत शिपिंग बिलं भरत होते. वडिलांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात रिबोअरिंगचं वर्कशॉप. त्यामुळे सिलिंडर, क्रँक, पिस्टन हे शब्द कानावरचेच होते, आणि बंदराच्या कागदांची भीती कधी वाटली नाही. धंद्याला लागणारी शिदोरी एवढीच.

आता या गाड्यांबद्दल थोडं. मधल्या आकाराच्या, दोन दारांच्या साध्या गाडीत थोरल्या गाडीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवायचं आणि किंमत पंचविशीतल्या पोराला झेपेल एवढी ठेवायची, ही मसल कारची कृती. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटिअॅकने टेम्पेस्ट लमाँस या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की या आकाराच्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायचं नाही. म्हणून पाँटिअॅकच्या मंडळींनी ते नवं मॉडेल म्हणून आणलंच नाही, जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज म्हणून यादीत सरकवलं. कागदाची ही चलाखी मला मनापासून आवडते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. ती आकाराने लहान, म्हणून जाणकार तिला पोनी कार म्हणतात, गिऱ्हाईक तो भेद मानत नाही. मग डॉजची चार्जर, प्लिमथची रोड रनर, शेव्हरलेची कॅमॅरो. १९७० च्या शेव्हरले शेव्हल एसएस (सुपर स्पोर्ट) ४५४ ला एलएस-६ नावाच्या इंजिनासह ४५० अश्वशक्ती मिळत होती. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवावं लागलं आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं. म्हणजे सगळा खेळ जेमतेम दहा वर्षांचा.

मी अमेरिकेत आले ती एका मालवाहतूक कंपनीत नोकरीला लागले. घरसामान आणि यंत्रांचे सुटे भाग हा आमचा नेहमीचा माल. २००७ च्या सुमारास बुकिंगमध्ये जुन्या गाड्या अचानक वाढल्या. कारण सरळ होतं. डॉलर पडला होता. २००८ च्या जुलैत एक युरो १.६० डॉलरच्या घरात गेला. इकडे मंदीने माणसं घरं सोडत होती, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी विकून हप्ते भरत होती. तिकडे स्वीडन-जर्मनीतल्या माणसाला तीच गाडी स्वस्तात पडत होती. पण समोर बसून सौदा कोण करणार? फोटो बघून पैसे पाठवायचे, दीड महिन्याने गाडी उतरवून घ्यायची आणि मग गालिच्याखाली हात घातला तर बोट पत्र्यातून आरपार. अशा तक्रारी आमच्या टेबलावर येत. जहाज कंपनी काय करणार, ती म्हणे आम्ही जसं मिळालं तसं पोचवलं. मला तिथे धंदा दिसला. त्या माणसाला इकडे दोन भरवशाचे डोळे हवे होते.

सुरुवातीची गिऱ्हाइकं बहुतेक स्वीडिश. स्वीडनमध्ये अमेरिकन गाड्यांचं वेड एवढं जुनं आणि एवढं खोल का, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. दुसऱ्या महायुद्धात तो देश तटस्थ राहिला, कारखाने शाबूत राहिले, पन्नाशीच्या दशकात कामगाराच्या हातातही पैसा खुळखुळत होता. तेव्हाची तरुण पोरं केसांना तेल चोपडून जुन्या अमेरिकन गाड्यांतून गावभर हिंडायची. त्यांना तिकडे 'रागरे' म्हणतात आणि म्हाताऱ्या शेजाऱ्यांना ते अजूनही आवडत नाहीत. गंमत म्हणजे १९६७ पर्यंत स्वीडनमध्ये वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने चालायची, पण गाड्यांचं स्टिअरिंगही बहुतेक डावीकडेच असायचं. ३ सप्टेंबर १९६७ ला सगळा देश एका पहाटे रस्त्याच्या उजव्या बाजूला गेला. अमेरिकन गाडीला त्यामुळे तिथे कधी परकं वाटलंच नाही. वेस्टेरोस गावात वर्षानुवर्षं भरत आलेल्या मेळाव्यात हजारो अमेरिकन गाड्या एका वेळी उभ्या असतात. इतक्या गाड्या एकत्र मी कॅलिफोर्नियातही पाहिल्या नाहीत. आणि स्वीडिश माणूस ती झाकून ठेवत नाही. संध्याकाळभर, रमतगमत, खिडक्या खाली करून तो गावातून फेऱ्या मारतो. त्याला रंग थोडा उडालेला चालतो, सीट फाटलेली चालते. गाडी चालली पाहिजे, बस.

जर्मनीची कथा निराळी. तिथे ही गाडी अमेरिकन सैनिकांबरोबर आली. कायझर्सलाउटर्न, रामश्टाइन भागात अमेरिकेचे मोठे तळ. सैनिक आपली गाडी घेऊन यायचा, बदली झाली की तिथेच विकून जायचा. शाळेत जाताना फोर्ड गॅलक्सी किंवा डॉज पाहिलेली पोरं आता साठीची झाली, हाती पैसा आला, आणि ती आम्हाला ईमेल करतात. मस्टँग मात्र तिथे मस्टँग नावाने विकली जात नव्हती. क्रुप कंपनीच्या ट्रकसाठी ते नाव आधीच नोंदलेलं होतं, म्हणून फोर्डने जर्मनीत तिला टी-५ म्हटलं. कुठल्या अमेरिकन गॅरेजात टी-५ चा बिल्ला सापडला, तर मामा आधी जर्मन गिऱ्हाइकाला फोन लावतात.

त्यांच्याहून तरुण मंडळींचं प्रेम खेळण्यातून आलेलं. हॉट व्हील्स १९६८ ला निघाल्या, आणि पहिल्याच वर्षीच्या गाड्यांत कॅमॅरो होती, मस्टँग होती. एका डच गिऱ्हाइकाने आम्हाला रंग सांगताना सरळ त्या खेळण्याचाच फोटो पाठवला होता. मापही त्याच्या मनात बहुधा तेच होतं, कारण १९६९ ची चार्जर ५.२८ मीटर लांब असते हे कळल्यावर तो दोन दिवस गप्प झाला. शेवटी गॅरेजची मागची भिंत पाडली.

तपासणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण आमचं नाव त्यावरच झालं.

मस्टँग घेऊ. विंडशील्डच्या खाली, बॉनेटच्या मागे हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्याखालची पन्हाळ दोन पत्र्यांच्या मध्ये बंद, वरून दिसत नाही, हात पोचत नाही. झाडाखाली उभ्या गाडीत तिथे पानं कुजतात आणि पत्रा सडतो. मामा गाडीतला गालिचा उचलतात, जाळीवर शांतपणे पाण्याची बादली ओततात आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे होतात. फरशीच्या पत्र्यावर थेंब पडला की संपलं. पंधरा हजार डॉलरचा चकाचक रंग असला तरी ती पन्हाळ बदलायला गाडी अर्धी उघडावी लागते. मग लोहचुंबक घेऊन मागच्या मडगार्डच्या कडेने फिरायचं. चुंबक चिकटत नाही तिथे पुट्टी. अॅरिझोनाची गाडी असेल तर उन्हाने डॅशबोर्डला चिरा गेलेल्या असतात, रंग पार उडालेला असतो, तरी आम्ही खूश, कारण पत्रा कोरडा. ओहायो-मिशिगनकडची गाडी वरून देखणी असते, पण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ खालून गाडी खातं.

शेव्हलमध्ये फसवणूक निराळी. १९६९ ते १९७२ च्या शेव्हलवर एसएस हे नुसतं पॅकेज होतं, चासी नंबरवरून ती एसएस आहे का हे सांगता येत नाही. बिल्ले बाजारात नवे मिळतात. मग कारखान्याचा मूळ कागद असेल तर नशीब, नाहीतर इंजिन बोलकं करायचं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्याच्या, पुढच्या कडेला एक लहानशी सपाट पट्टी असते, तिथे नंबर ठोकलेले. कारखान्यात ती पट्टी यंत्रावर ज्या पद्धतीने छिलली जायची, तिच्या बारीक समांतर रेघा अजून दिसायला हव्यात. पट्टी गुळगुळीत असेल तर कोणीतरी जुने आकडे घासून नवे ठोकलेत असं समजायचं. आणि ब्लॉकच्या ओतकामाची तारीख गाडी जुळवल्याच्या तारखेच्या आधीची हवी. हे ऐकायला सोपं वाटतं, पण एका विक्रेत्याने आम्हाला 'सगळे नंबर मूळचे' म्हणून दाखवलेल्या गाडीचा ब्लॉक गाडीपेक्षा तीन महिन्यांनी धाकटा निघाला होता. मी अहवालात दोन तारखा लिहिल्या, खाली एक शब्दही जोडला नाही. गिऱ्हाईक समजलं. विक्रेता अजून आमच्याशी बोलत नाही.

फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो, पाँटिअॅकसाठीही जुन्या नोंदींवरून कागद काढून देणारे आहेत. क्रायस्लरच्या गाड्यांत बॉनेटखाली मडगार्डला स्क्रूने लावलेली पत्र्याची चिठ्ठी असते, तिच्यावर इंजिनापासून रंगापर्यंत सगळं कोरलेलं. ती चिठ्ठीही नवी बनवून मिळते, म्हणून एकट्या तिच्यावर आम्ही विसंबत नाही.

युरोपातला माणूस मूळपणाचा एवढा आग्रह का धरतो? मनाची हौस आहेच, पण खिशाचंही कारण आहे. तीस वर्षांवरची, मूळ स्थितीतली, उत्पादन बंद झालेली गाडी कस्टम्समध्ये ९७०५ या शीर्षाखाली संग्राह्य वस्तू म्हणून बसली, तर आयात शुल्क शून्य आणि जर्मनीत कर ७ टक्के. बसली नाही तर नेहमीच्या गाडीचं १० टक्के शुल्क आणि वर १९ टक्के कर. ५०,००० युरोंच्या गाडीवर हा फरक ३,५०० आणि १५,४५० चा आहे. शिवाय जर्मनीत जुन्या गाड्यांसाठीची एच अक्षराची नंबर प्लेट मिळाली की रस्ताकर वर्षाला १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. अमेरिकन मालकाने हौसेने आजचं इंजिन, आजचे गिअर आणि मोठी चाकं घातलेली असतात आणि त्याचे जादा पैसे मागतो. जर्मन गिऱ्हाइकाच्या लेखी त्याच गोष्टींनी गाडीची किंमत उतरते. दोघांना हे समजावता समजावता माझा अर्धा दिवस जातो.

इकडचे कागद त्यामानाने साधे, पण चूक खपत नाही. मूळ टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद हवा, त्यावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरलेला हवा, आणि जहाज सुटण्याच्या ७२ तास आधी गाडी आणि कागद कस्टम्ससमोर हवेत. मग टाकीतलं पेट्रोल काढायचं, बॅटरीची वायर सोडायची, लाकडी चौकटी ठोकून चाळीस फुटी कंटेनरमध्ये चार गाड्या तिरक्या बसवायच्या. नवरा शेवटचा पट्टा आवळतो तेव्हा गाडी आणि पत्र्यात चार बोटांची जागा असते. तिथून पनामा कालव्यातून रॉटरडॅम किंवा ब्रेमरहाफेन.

वाईट काळही आला. २०१५ ला डॉलर वधारला, युरो १.०५ पर्यंत घसरला आणि फोन थंडावले. तेव्हा आम्ही सुट्या भागांकडे वळलो, आजही भाड्याचे पैसे त्यातूनच निघतात. मस्टँगचा तर आख्खा सांगाडा नवा मिळतो. २०२१ मध्ये कंटेनरच मिळेना, मिळाला तर भाडं ऐकून गिऱ्हाईक फोन ठेवायचं. ऑस्ट्रेलियाचं काम आम्ही आता मोजकंच घेतो. तिथे अॅस्बेस्टॉसला २००३ अखेरपासून पूर्ण बंदी, आणि जुन्या गाडीच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये ते असू शकतं. सगळं इकडेच बदलून, प्रयोगशाळेचा दाखला जोडल्याशिवाय गाडी पाठवण्यात अर्थ नाही. तरी ऑस्ट्रेलियन माणूस चिवट. त्यांच्याकडे स्वतःच्या फाल्कन जीटी आणि मोनारो होत्या, व्ही-८ त्यांना कोणी शिकवायला नको.

पुण्या-मुंबईहूनही विचारणा येतात. "ताई, एक सिक्स्टी-नाइन मिळेल का?" मिळेल, पण स्टिअरिंग डावीकडे आणि आपल्याकडचे जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम कडक, म्हणून मी आधी तिथल्या वकिलाशी बोला म्हणते. बहुतेक फोन तिथेच संपतात. २०१६ ला फोर्डने मस्टँग उजव्या स्टिअरिंगसह भारतात आणली, ६५ लाखांना, ती वाट सोपी होती. आणि आमच्या वडिलांच्या पिढीला अमेरिकन गाडी काही नवी नव्हती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज-प्लिमथ जुळवल्या, त्यांची इंजिनं उद्यमनगरात रिबोअरिंगला यायची.

सध्या गिऱ्हाइकांचं वय उतरतंय. तीस वर्षांची अट दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, त्यामुळे १९८७ ची ब्युइक ग्रँड नॅशनल, 'फॉक्स' सांगाड्यावरची ५.० लिटरची मस्टँग, नव्वदीतली इम्पाला एसएस, यांच्या चौकश्या वाढल्या आहेत. मामांना या गाड्या आवडत नाहीत. फ्युएल इंजेक्शन आलं तिथे त्यांच्या मते गोष्ट संपली. म्हणून गेल्या वर्षापासून आमच्या मुलाने लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसायला सुरुवात केली आहे. एक जण वायरिंग वाचतो, दुसरा गाडीखालून त्याला ओरडतो. पुढचा कंटेनर ब्रेमरहाफेनचा आहे, त्यात तीन गाड्या बसल्यात, चौथी जागा रिकामी आहे.